दाराआडून चार घोडे

१९६१ च्या उन्हाळ्यात, आमच्या घरी कुरड्यांचा चीक शिजत होता त्या सकाळी, माझ्या वहिनीने माझ्या वडिलांबरोबर बुद्धिबळाचा एक डाव खेळला. वडील ओसरीवर पटासमोर बसले होते. वहिनी आत चुलीजवळ होती आणि तिथून तिला पट दिसत नव्हता. पांढरे मोहरे तिचे होते, ते हलवण्याचे काम माझ्याकडे होते. मी तेव्हा चौदा वर्षांची होते.

आम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या नेरला राहत होतो. घर कापूस बाजाराच्या रस्त्यावर होते. हंगामात पहाटेपासून कापसाच्या बंड्यांची, म्हणजे बैलगाड्यांची, रांग आमच्या दारावरून सरकत असे आणि बैलांच्या गळ्यातल्या घंटा, गाडीवानांच्या शिव्या आणि जिनिंगचा भोंगा यांतून घरातले बोलणे वाट काढत असे. उन्हाळ्यात रस्ता रिकामा होई. मग फक्त मोटार स्टँडवरून सुटणाऱ्या गाड्यांचा आवाज उरे, आणि ओसरीवर बाबांच्या डावाचा. बाबांची शेती गावाबाहेर होती, कपाशी आणि तूर. वेचण्या संपल्या की पेरणीपर्यंत ते रोज खेळत. त्यांचा खेळ देशी होता: कापडाचा पट, लाखेचे लाल-हिरवे मोहरे, प्यादे एकेकच घर चालणार, आणि राजाला डावात एकदा घोड्यासारखी उडी मारण्याची मुभा. बाबा हल्ल्याचे खेळाडू होते. चाल करताना मोहरा पटावर आपटत आणि तोंड बंद ठेवत नसत. "घे, झाकून ठेव तुहा वजीर, नाही तर पोरीबाळी पळवून नेतीन!" हे वाक्य रस्त्यापर्यंत ऐकू जाई.

त्यांचे नेहमीचे गडी रामजी नाईक. ते जवळच्या बंजारा तांड्याचे नाईक, म्हणजे प्रमुख, बाबांच्याच वयाचे. त्यांच्या पणज्याने बैलांवर मीठ लादून देशोदेशी नेले होते, ते स्वतः आता कपाशी पेरत. बाबांना ते 'भिया' म्हणत, म्हणजे त्यांच्या बोलीत भाऊ. ते फार हरत आणि हरल्यावर खूप हसत. दोघांच्या मते डाव जिंकण्याची एकच खरी रीत होती, ती म्हणजे प्यादेमात. वजिराने किंवा हत्तीने मात करणे हे त्यांना पोटापुरते खाल्ल्यासारखे वाटे. समोरच्या राजाला शेवटचा घाव प्याद्याने घातला तर तो डाव महिनाभर सांगितला जाई. समोरच्याचा राजा अगदी एकटा उरला तर डाव अर्धाच जिंकला असे ते मानत, म्हणून समोरच्याचे शेवटचे प्यादे मुद्दाम जिवंत ठेवीत.

वहिनी या घरात त्याच्या आदल्या वर्षी आली. ती नागपूरची. तिचे वडील रेल्वेत गार्ड होते आणि ड्यूटीवर नसताना मुलीला समोर बसवून विलायती नियमांचे बुद्धिबळ खेळत. लग्नाच्या ट्रंकेत भांड्यांच्या खाली तिने लाकडी मोहऱ्यांची पेटी आणली होती, पांढऱ्या आणि काळ्या मोहऱ्यांची. आईला ती सापडली तेव्हा तिने घोडा उचलून उजेडात धरला आणि विचारले, "हे काय आणलं व बाई? देवाचं हाये का?" वहिनी सासूला आत्याबाई म्हणे आणि सासऱ्यांना मामाजी; ती म्हणाली, "नाही आत्याबाई, खेळायचं आहे." आईने घोडा परत पेटीत ठेवला आणि त्या विषयावर पुन्हा काही विचारले नाही.

तिने तो खेळ मला स्वयंपाकघरात शिकवला. सारवलेल्या जमिनीवर आम्ही रांगोळीने चौसष्ट घरे आखत असू आणि दुपारची झाकपाक झाल्यावर दोघी मांडी घालून बसत असू. मला वाटले होते, पहिल्याच दिवशी ती हल्ला शिकवेल, कारण बाबांकडे पाहून माझा समज तोच होता. तिने महिनाभर एकच सुरुवात शिकवली. राजापुढचे प्यादे दोन घरे. समोरचाही तेच करणार. मग राजाकडचा घोडा बाहेर, समोरच्याचा वजिराकडचा घोडा बाहेर. मग आपला दुसरा घोडा, त्याचाही दुसरा. चारही घोडे मधल्या घरांवर नजर ठेवून उभे. पट मधोमध दुमडला असता तर दोन्ही बाजू एकमेकींवर नीट बसल्या असत्या. त्यानंतर उंट बाहेर, मग किल्लेकोट, म्हणजे एकाच खेळीत राजा कोपऱ्याकडे आणि हत्ती त्याच्या शेजारी. तिचे वडील या सुरुवातीला 'चार घोडे' म्हणत. तीही तेच म्हणे.

"ह्यात मारायचं कधी?" मी विचारले.

"मारायचं नंतर. आधी सगळ्यांना घराबाहेर काढायचं, राजाला आत बसवायचं. मग समोरच्यानं काही केलं तरी आपण पडत नाही."

"पण तो आपलीच नक्कल करत राहिला तर?"

ती हसली. "करू दे. नक्कल करणारा नेहमी एक चाल मागे असतो. कधीतरी आपण शह देतो. तेव्हा त्याला आधी आपला राजा वाचवावा लागतो, नक्कल तिथं संपते."

तिने ती संपते कशी हेही दाखवले. प्यादी पुढे, उंट पुढे, मी चालीला चाल जोडत गेले, आणि एका ठिकाणी तिने घोडा उचलून पटाच्या मध्यभागी ठेवला. त्यानंतर काही चालींत तिचा शह आला आणि माझी नक्कल संपली. तिने मोहरे परत लावले आणि म्हणाली, "पुन्हा." ती चिडलेली मी पाहिली नाही. पीठ भिजवताना जितके पाणी लागते तितकेच ओतणारी बाई होती, बोलणेही तसेच. आज, इतकी वर्षे संपादनाच्या कामात लोकांची वाक्ये कापून छोटी करण्यात घालवल्यावर, मला तिच्याइतके मोजके बोलणारे फार थोडे भेटले असे लिहून ठेवते.

मी वहिनीची लाकडी पेटी घेऊन ओसरीवर रामजीकाकांशी, त्यांना विलायती नियम सांगून, त्या सुरुवातीने खेळायला बसले आणि दोन डाव हरले नाही. बाबांनी तिसरा डाव उभ्याने पाहिला.

"हे कोणं शिकवलं तुले?"

"वहिनीनं."

बाबांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिले. आत भाकरी थापण्याचा आवाज चालू होता. आमच्या घरी सून सासऱ्यासमोर बसत नसे, पदर डोईवर घेतल्याशिवाय पुढ्यात येत नसे, आणि काही सांगायचे झाले तर माझ्यामार्फत किंवा आईमार्फत सांगत असे. हा नियम कोणी घातला नव्हता आणि कोणी मोडतही नव्हते. बाबा थोडा वेळ उभे राहिले, मग पटासमोर बसले आणि म्हणाले, "इचार तिले, खेळते का. तिनं आतूनच सांगावं, तू चाल कर."

ती भाकरी थापत होती. हात पिठात होते. रांगोळीचा पट आखायला जागा नव्हती आणि लाकडी मोहरे बाहेर बाबांपुढे होते. तिने क्षणभर डोळे मिटले आणि म्हणाली, "राजाचं प्यादं, दोन घरं."

असे ते सुरू झाले. त्या उन्हाळ्यात जवळजवळ रोज एक डाव होई. बाबांची चाल मी दारात उभी राहून सांगायची, "वजिराचा उंट, घोड्याच्या चौथ्या घरात," आणि ती तव्यावरची भाकर उलटत उत्तर द्यायची. अंबाडीची भाजी घोटताना, तुरीचे वरण फोडणीला टाकताना, ठेच्यासाठी मिरच्या तव्यावर परतताना सगळा पट तिच्या डोक्यात असे. मिरच्यांचा खाट उठला की ओसरीवर बाबा खोकत आणि ओरडत, "हे काय चाल हाये बे? डोळे फोडून जितन का?" आतून उत्तर येई, "मामाजींना सांग, मिरची आत्याबाईंनी सांगितली होती." रामजीकाका मांडी थोपटून हसत.

बाबांना तिची सुरुवात आवडत नव्हती. "ह्या चार घोड्याईत जीव नाही," ते म्हणत. "लढाईले आली, अन् आधी राजाले माजघरात नेऊन बसवते." पण विलायती नियम त्यांनी लवकर उचलले आणि घोटले. सुरुवातीचे काही डाव ते हरले. मग दोघांचे डाव बरोबरीत सुटू लागले. हरणाऱ्याने आपण पुढे काय करणार होतो ते दुसऱ्याला सांगायचे, अशी एक रीतही पडली. ती माझ्या तोंडून चाले, आणि दोघे कधी एकमेकांचे नाव घेत नसत. इतके बोलणे त्या दोघांत एरवी वर्षभरात झाले नसते.

त्याच काळात यवतमाळला प्राथमिक शिक्षिकांच्या ट्रेनिंगसाठी वहिनीला मुलाखतीला बोलावले होते. ती मॅट्रिक झाली होती. दोन वर्षे तिकडे बायकांच्या वसतिगृहात राहावे लागणार होते. माझा भाऊ मार्केट कमिटीत कारकून होता आणि त्याची हरकत नव्हती, पण बाबांना विचारायचे कोणी, या प्रश्नावर तो रोज रात्री जेवताना ताटाकडे पाही. आईने एकदा विषय काढला. बाबा म्हणाले, "पाहू," आणि हात धुवायला उठले. आमच्या घरात 'पाहू'चा अर्थ नाही असाच होई. मुलाखत सोमवारी होती. आदल्या आठवड्यात वहिनीने ट्रंकेतून दोन लुगडी काढून उन्हात टाकली आणि संध्याकाळी परत घडी करून ठेवली.

रविवारी सकाळी कुरड्यांचा चीक होता. भिजवून वाटलेल्या गव्हाचा तो चीक मोठ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, सतत हलवावा लागतो. हात थांबला तर गाठी होतात आणि सगळा घाणा वाया जातो. आई मागच्या अंगणात खाटांवर धोतरे अंथरत होती. वहिनी चाटू घेऊन चुलीपाशी उभी होती. बाबांनी ओसरीवरून हाक मारली, "नलू, इचार तुह्या वहिनीले, आज खेळते का? का चिकात बुडली?"

मी आत गेले. वहिनीने चाटू न थांबवता माझ्याकडे पाहिले.

"मामाजींना म्हणावं, खेळते. आणि म्हणावं, आज मी हरले नाही तर उद्या यवतमाळला जाऊ का?"

मी बाहेर येऊन ते जसेच्या तसे सांगितले. रामजीकाकांचे पान तोंडातच राहिले. बाबा काही वेळ मोहरे लावत राहिले.

"हरली नाही तर?" ते म्हणाले. "जिंकली तर म्हणाव ना."

आतून आवाज आला. पहिल्यांदाच ती माझ्यामार्फत बोलत नव्हती. "नाही मामाजी. हरले नाही तर."

बाबांनी काळा राजा त्याच्या घरात ठेवला. "ठीक हाये," ते म्हणाले. "बरोबरीत सुटलं तरी जाय. पण नियम पक्के. प्यादं पयल्या चालीले दोन घरं. किल्लेकोट हाये. प्यादं पोचलं का वजीर. अन् राजाले शह नसन, पण कोणतीच चाल उरली नसन, तर डाव बरोबर. आपल्या देशी खेळात तशी चाल वापस घ्या लागते, इथं नाही. बराबर?"

"बरोबर," आतून उत्तर आले. "राजाचं प्यादं, दोन घरं."

चार घोडे बाहेर आले. उंट बाहेर आले. दोन्ही राजे किल्लेकोटात गेले. त्या वेळी पटाच्या दोन्ही बाजू अगदी सारख्या होत्या. रामजीकाका वाकून पाहत म्हणाले, "भिया, आरसा ठेवला का मधात?" बाबा हसले नाहीत. त्या दिवशी ते मोहरे आपटत नव्हते. मी दारापासून पटापर्यंत आणि पटापासून दारापर्यंत ये-जा करत होते, आणि आत चाटूचा आवाज एका तालात चालला होता. मधली प्यादी मारली गेली, एकेक घोडा गेला, वजीर वजिराला गेला. वहिनी अजून भक्कम होती.

मग चीक वर आला. तो गंजाच्या काठाशी फुगला, आईने मागून ओरडून जाळ काढायला सांगितले, आणि वहिनीने एका हाताने लाकडे ओढत दुसऱ्या हाताने हलवत चाल सांगितली. उंट मागे. मी ओसरीवर आले आणि उंट मागे घेतला. त्या उंटाने आतापर्यंत तिच्या हत्तीला राखले होते. बाबांनी पट पाहिला, दाराकडे पाहिले आणि तिचा हत्ती उचलला.

"वहिनी, हत्ती गेला," मी दारात म्हटले.

चाटू थांबला. मग पुन्हा सुरू झाला. "उरलेले सांग," ती म्हणाली. मी एकेक मोहरा आणि त्याचे घर सांगितले. ती ऐकत होती आणि ढवळत होती. कपाळावरचा घाम तिने दंडाने पुसला.

त्यानंतर तिने जे केले ते मी पुढे अनेक वर्षे मनातल्या मनात पुन्हा मांडले आहे. ती हल्ल्याला गेली नाही. मागे राहिलेले मोहरे तिने एकेक करून बाबांच्या मोहऱ्यांच्या बदल्यात देऊन टाकले, प्याद्याला प्यादे लावले, आणि प्रत्येक ठिकाणी बाबांना थोडे थांबावे लागले. चीक उतरवून झाला. आई आणि शेजारणी सोऱ्याने कुरड्या पाडू लागल्या. वहिनी चिकाची वाटी मला देत म्हणाली, "तीळ-मीठ घालून दे मामाजींना. गरम आहे तोवर." बाबांनी ती वाटी पटाशेजारी ठेवून खाल्ली. रामजीकाकांनी दुसरी मागितली आणि बोटे चाटत म्हणाले, "ही याडी हरली तरी पोट भरून हरवते." याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई.

शेवटी तिच्याजवळ राजा आणि पटाच्या दुसऱ्या टोकाला एक प्यादे उरले. त्या प्याद्याच्या पुढ्यात बाबांचे प्यादे अडून उभे होते, त्यामुळे ते हलू शकत नव्हते. बाबांकडे हत्ती होता, राजा होता आणि तिच्या राजाजवळ पोचलेली दोन प्यादी होती. हत्तीने सरळ मात होत होती. ते मलाही दिसत होते.

"हत्ती लाव ना भिया," रामजीकाका म्हणाले, "अन् संपव."

"हत्तीनं काय संपवायचं," बाबा म्हणाले. "प्याद्यानं होते."

त्यांनी एक प्यादे पुढे सरकवले आणि मी दारात जाऊन ते सांगितले. वहिनीने विचारले, "त्यांचा राजा कुठे आहे?" मी घर सांगितले. तिने सोऱ्यात चिकाचा गोळा भरला. मग म्हणाली, "माझा राजा कोपऱ्यात."

मी राजा कोपऱ्यात ठेवला. बाबांनी आपला राजा एक घर पुढे घेतला. पुढच्या खेळीला त्यांचे प्यादे सरकणार होते आणि तिथेच मात होती. सुंदर प्यादेमात होती. मी दारात त्यांच्या राजाची चाल सांगितली.

"शह आहे का?" वहिनीने विचारले.

मी परत येऊन पाहिले. "नाही."

"माझ्या राजाला जागा?"

मी तिन्ही घरे पाहिली. तिन्हींवर बाबांचा पहारा होता. "नाही."

"माझं प्यादं?"

"अडलेलं."

ती दारापर्यंत आली. पदर डोईवर होता, हाताला चीक वाळला होता. उंबऱ्याच्या आत उभी राहून ती म्हणाली, "मामाजी, मला चालच नाही."

रामजीकाकांनी पटावर वाकून एकेक घर बोटाने मोजले. "अरे भिया," ते म्हणाले, "वापस घे. राजा वापस घे, हत्ती लाव. आपल्यात वापस घेतेच ना."

"आपल्यात घेते," बाबा म्हणाले. "हे आपलं नाही."

"तुले दिसलं नाही काय बे?"

बाबा पटाकडे पाहत होते. नियम त्यांनी सकाळी स्वतःच्या तोंडाने सांगितला होता. प्यादेमात करायची त्यांची सवय चाळीस वर्षांची होती. मी हा प्रश्न त्यांना पुढे दोनदा विचारला. एकदा ते म्हणाले, "नाही दिसलं." दुसऱ्यांदा त्यांनी विचारले, तुझ्या वहिनीला कधी दिसलं ते तिला विचारलंस का. ते मी विचारले होते. हत्ती गेल्यापासून ती असे एखादे कोपऱ्यातले घर शोधत होती, आणि बाबा हत्तीने संपवणार नाहीत एवढे तिला ठाऊक होते. म्हणून शेवटचे प्यादेही तिने अडून राहील अशाच ठिकाणी नेऊन ठेवले होते. हे तिने पट न बघता, चीक ढवळत, कुरड्यांचे गोळे सोऱ्यात भरून देत केले.

बाबांनी मोहरे पेटीत भरायला घेतले. पांढरे आधी, मग काळे. पेटीचे झाकण लावून ते म्हणाले, "नलू, इचार तुह्या वहिनीले, सकाळची पयली गाडी कितीले हाये."

वहिनी उंबऱ्यातच उभी होती. "सहाला, मामाजी."

"मंग लवकर उठा म्हणा."

सोमवारी पहिल्या गाडीने ती यवतमाळला गेली. दादाला सुटी मिळाली नाही, म्हणून बाबा बरोबर गेले. गाडीत ती बायकांच्या बाकावर बसली आणि बाबा दोन बाक पुढे बसले. मुलाखतीच्या वेळी ते फाटकाबाहेर कडुलिंबाखाली उभे होते. रात्रीच्या शेवटच्या गाडीने दोघे परत आले. तिची निवड झाली. दोन वर्षांनी ती ट्रेनिंग पूर्ण करून बाहेर पडली आणि तिची पहिली नेमणूक ढाणकीच्या शाळेत झाली.